कुंदा, मी हो म्हटलं नव्हतं

कुंदा, त्या दिवशी हॉस्पिटलात मी मान हलवली, ती हो म्हणून नव्हती.

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. दुपार आहे, घरात कोणी नाही. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती घेऊन बसलेय. तूच म्हणायचीस, तोंडाने बोलता येत नसेल तर लिही गं सुमे, अक्षर तरी देवाने बरं दिलंय. म्हणून लिहिते. कोणाला दाखवायचं नाहीय.

तू कॉटवर होतीस, तुझी मुलगी पायथ्याशी औषधं लावत होती. हाताला सुई, पाय सुजून खांबासारखे झालेले. मी तुझ्या ओठांना ओला कापूस लावत होते. तू डोळे उघडलेस.

"खोली उघडतेस ना रोज?"

"उघडते."

"आजी येते?"

"येते."

"माझ्यामागं पण चालू ठेवशील ना गं?"

मी त्या दिवशी तुला नेमकं उलटंच सांगायला आले होते. कुंदा, मला आता होत नाही, दुसरं कोणीतरी बघ. एवढंच वाक्य. घरून निघताना पाठ केलं होतं, रिक्षात दोनदा मनात म्हणून बघितलं होतं. तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आली आणि म्हणाली, मावशी, जरा बाजूला व्हा. मी बाजूला झाले आणि तिच्या खांद्यावरून तुझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे राहू दे आता, नंतर बोलू, अशी. तू हसलीस. डोक्यावरचा हंडा कोणीतरी उतरवून घ्यावा तशी हसलीस आणि डोळे मिटलेस. तिसऱ्या दिवशी तुझ्या मुलीचा फोन आला.

आता त्या मानेचं मी काय करू, सांग.

डोंगरावरची आपली वस्ती तुटली आणि आपण या सात मजली बिल्डिंगीत आलो, तेव्हा सगळ्यात जास्त नाचली होतीस तू. नळ घरात, संडास घरात. पहिल्या दिवशी तू नळ उघडून त्याच्यासमोर पाट घेऊन बसलीस आणि मला म्हणालीस, "बघ, पाणी येतंय आणि कोणी भांडत नाहीय." दोन महिन्यांनी तूच म्हणालीस, "सुमे, कोणी भांडतच नाहीय गं. मेले काय सगळे?"

खरंच तसं झालं होतं. वस्तीत दार लावलं की लोक विचारायचे, बरं नाही का? इथे दार उघडं ठेवलं की विचारतात, काही हवंय का? सगळ्या मजल्यांवर एकसारखी दारं. तुळसाआजी सातव्या मजल्यावर एकटी. तिचा मुलगा आखातात, सून माहेरी. वस्तीत ती दिवसभर पायरीवर बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायची, तेच तिचं घर होतं. इथे आल्यावर ती स्वतःचं दार विसरायला लागली. दुसऱ्यांच्या कड्या वाजवायची, लोक कावायचे. तू तुझ्या हिरव्या साडीची चिंधी फाडून तिच्या कडीला बांधलीस. मग एक दिवस तू तिच्याकडे गेलीस तर तिच्या तोंडातून आवाजच फुटेना. घशाला काय झालं म्हणून तू घाबरलीस. पाणी पाजलंस. मग ती म्हणाली, "चार दिस झाले गो बाय, कोणाशी बोललंय नाय. आवाज बसलो."

त्याच दुपारी तू सेक्रेटरी घाडग्यांकडे गेलीस. तळमजल्यावर बालवाडीसाठी म्हणून एक खोली आहे, तिच्यात गणपतीचं मखर आणि रंगाचे रिकामे डबे पडले होते. ती तू मागितलीस. मला तुझ्यामागे उभी केलीस. मी काही बोलणार नव्हते हे तुला माहीत होतं, पण दोघी दिसल्या की मागणी मोठी वाटते म्हणालीस.

"कशाला पाहिजे खोली?" घाडगे म्हणाले.

"खेळायला."

"पोरांना?"

"मला," तू म्हणालीस.

ते तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला हसू आलं आणि मी पदर तोंडाला लावला.

खोली मिळाली, खुर्च्या नव्हत्या. बायका म्हणाल्या आपण सतरंजी टाकू. तू म्हणालीस नाही, गुडघे सगळ्यांचे गेलेत, घरून आपापली खुर्ची आणा. आणि मग तो तुझा नियम. खुर्ची आपली आणायची, बसायचं मात्र दुसरीच्या. पहिल्या दिवशी केवढा गोंधळ झाला. कोणाची प्लॅस्टिकची, कोणाचं स्टूल, पाचव्या मजल्याच्या रेश्माने सासऱ्याची गादीवाली आणली आणि तिच्यावर बसायला सगळ्या धावल्या. निघताना तू म्हणालीस, ज्या खुर्चीवर बसलात ती जिची आहे तिच्या घरी पोचवून या. मी तुला विचारलं, हा काय चावटपणा? आपली आपण न्यावी ना. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "येडे, खुर्ची पोचवायला गेलं की दार उघडावं लागतं."

मी ते आठवडे, ते दिवस मोजत बसणार नाही. पण तुझ्या त्या एका नियमाने या बिल्डिंगीत जेवढी दारं उघडली तेवढी सोसायटीच्या दहा सभांनी उघडली नसती. दुसऱ्याच्या घरात पाय ठेवला की कळतं ना, कोणाच्या घरात कोण आजारी आहे, कोणाकडे गॅस संपलाय, कोणाची सून रडलेली आहे. तू काही समाजसेवा वगैरे शब्द वापरले नाहीस. तू म्हणायचीस, टाइमपास करतोय.

सोमवार ते शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. कॅरम, पत्ते, कधी लंगडी, मंगळागौरीच्या महिन्यात फुगड्या. फळ्यावर रोजचा खेळ मी लिहायचे. आज बदाम सात. आज सागरगोटे. चौथीत गुरुजींनी गिरवून घेतलेलं अक्षर, एवढ्या वर्षांनी त्याला काम मिळालं. बायका आत येताना थांबून वाचायच्या. मला ते आवडायचं, तुला कधी बोलले नाही.

पत्त्यांवरून घाडगे आले होते ते आठवतं? दारात उभे राहून म्हणाले, "ताई, सोसायटीत लहान मुलं आहेत. बायका पत्ते खेळतात हे बरं दिसत नाही."

तू हातातली पानं खाली ठेवली नाहीस. "घाडगेभाऊ, गणपतीत जागरणाला तुम्ही लोक मांडवामागं बसता ते काय जपमाळ ओढता?"

ते गेले. आजी म्हणाली, "मेल्याक चाय तरी विचारूची होती." आणि तेवढ्या गडबडीत तिने तुझी पानं बघून घेतली.

आजी बदाम सातमध्ये इस्पिकची सत्ती दाबून ठेवायची. दर डावाला. पत्ता तिच्याकडे नसला तर ठीक, असला तर शेवटपर्यंत नाही काढायची. सगळ्यांची इस्पिकची पानं हातात कुजायची. तू ओरडायचीस, आजी, सत्ती सोडा. ती शपथेवर सांगायची, माझ्याकडे नाय. आणि पानं डोळ्यांसमोर एवढी उंच धरायची की मागून कोणालाही दिसावीत. तू तिला कधी पकडलं नाहीस. मी एकदा म्हटलं, अगं तिच्याच हातात आहे. तू मला पायाने ढोसलंस.

हे सगळं आठवलं की तुझ्यावर माया येते. पण मी फक्त माया येते असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं लिहायचं तर वही कशाला खराब करू?

खोली झाडायचे मी. पाणी भरायचे मी. पावणेतीनला सातव्या मजल्यावर जाऊन आजीला खाली आणायचे मी, लिफ्ट बंद असली तरी. खेळायला मी कधी बसलेच नाही. सुरुवातीला कोणीतरी उठबस करायला हवं म्हणून, मग सवय झाली म्हणून. सकाळी दोन घरच्या पोळ्या करून मी दीडला घरी येते, चार घास खाते, आणि पाय पसरायचे म्हटलं की घड्याळात अडीच. तू सगळ्यांची ताई होतीस. मी तुझ्याबरोबरची. वाईट वाटायचं नाही. मला मागेच बरं वाटतं, पहिल्यापासून. मागे उभं राहिलं की कोणी विचारत नाही.

आणि तरी एक गोष्ट आहे. महिला दिनाला गच्चीवर कार्यक्रम झाला, तुझा सत्कार झाला. आदल्या दिवशी मी तुला दम भरला होता, माझं नाव माईकवर घेतलंस तर मी उठून घरी जाईन. तू म्हणालीस, "बरं बाई, नाही घेत. मिठाची गुळणी धरून जन्माला आलीस." आणि खरंच घेतलं नाहीस. शाल घेतलीस, नारळ घेतलास, सगळ्यांचे आभार मानलेस, मजल्यांची नावं घेतलीस, वॉचमनचं सुद्धा घेतलंस. मी पाण्याच्या टाकीपाशी बसले होते. माझं नाव आलं नाही आणि मला इतका राग आला कुंदा, की मी खरंच उठून घरी गेले. आठ दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. तू विचारत राहिलीस, "काय झालं गं? सांगितलंस तसंच केलं ना मी?" मी म्हणायचे, काही नाही. काय सांगणार होते? मीच नको म्हटलं होतं. पण तू ओळखायला हवं होतंस असं मला वाटलं. मी न बोलता तुला सगळं ओळखता यायला हवं, असंच मला नेहमी वाटत आलं. आता लिहिताना कळतंय की हे किती जड ओझं मी तुझ्यावर टाकलं होतं.

तुझी किडनी गेली आणि तू खाली यायची बंद झालीस. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, बाकीचे दिवस अंथरूण. खोली माझ्या एकटीवर आली. आठ महिने. मी एकदाच तुझ्याकडे विषय काढला. म्हटलं, मजल्याप्रमाणे पाळ्या लावू या का? आज पहिला मजला, उद्या दुसरा. उघडायचं, झाडायचं, आजीला आणायचं.

तू उठून बसलीस. एवढ्या आजारात पण उठून बसलीस. "पाळ्या लावल्या की भांडण आलं. नळावरचं विसरलीस? माझी पाळी, तुझी पाळी, दोन हंडे जास्त भरले, डोकी फुटली. खोली पाळीने चालत नाही सुमे. मनाने चालते."

"मग मन कोणाचं?" हे माझ्या जिभेवर आलं होतं. जिभेवरून मी परत गिळलं. म्हटलं, "बरं."

तुला वाटलं मला पटलं.

असे किती 'बरं' मी तुला दिले असतील. प्रत्येक वेळी तू ते खरं धरलंस. आता तू नाहीस म्हणून मी तुझ्यावर ओरडू शकते, तर ऐक. मन तुझं होतं आणि गुडघे माझे होते. तू लोकांना हसवायचीस आणि घरी जाऊन झोपायचीस. मी खुर्च्या मोजायचे, राहिलेल्या पोचवायचे. मला तुझा राग यायचा. आणि एखादा दिवस तू आली नाहीस तर खोलीत माझा जीव लागायचा नाही. हे दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं खोटं होत नाही.

तू गेलीस त्या दिवशी सगळ्या बायका खाली जमल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या वहिनी म्हणाल्या, खोलीला तेरा दिवस सुतक पाळू. रेश्मा म्हणाली, सुतक तर घरच्यांना असतं. वहिनी म्हणाल्या, "मग आपण कोण? खेळ कसला मांडता तेरा दिवस? ताईला मान नको?" सगळ्यांना पटलं. मला सगळ्यात आधी पटलं. खोलीला कुलूप लागलं, दाराला तुझा फोटो लावला, हार घातला. फोटो तुझ्या मुलीने दिला. चष्मा नसलेला, काळ्या केसांचा, पंधरा वर्षांपूर्वीचा.

आणि मी घरी येऊन झोपले. कुंदा, तू गेलीस आणि मी दुपारी झोपले. पहिल्या दिवशी रडून झोपले असेन. दुसऱ्या दिवशी मात्र चांगली पाय पसरून, पंखा मोठा करून झोपले. आठ महिन्यांची झोप होती ती. जाग आली तेव्हा साडेपाच वाजलेले, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी देवासमोर जाऊन कान धरले.

आजीची आठवण आम्हाला कोणालाच झाली नाही. तुला मान द्यायच्या नादात, जिच्यासाठी तू खोली मागितलीस तिलाच कोणी सांगायला गेलं नाही की खोली बंद आहे. माझ्यासकट.

चौथ्या दिवशी सकाळी पोळ्यांना जाताना वॉचमनने हटकलं. "मावशी, वो सातवे माले की आजी रोज आके बैठती है."

"कुठे?"

"बालवाडी के बाहर. तीन बजे आती है, पाच बजे जाती है. मैंने बोला बंद है. बोलती है, कुंदा आएगी."

लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती. ती सात मजले स्टूल घेऊन उतरत होती. तीन दिवस तुझ्या हार घातलेल्या फोटोखाली बसून तुझीच वाट बघत होती. त्या फोटोतली तू तिला ओळखूच आली नाहीस. पाच वाजले की स्टूल उचलून परत सात मजले. जाणारे येणारे तिला बघत होते. त्यांना वाटलं, दुःखाने बसलीय.

त्या दिवशी मी तीनच्या आधीच वर गेले. ती निघतच होती. तिला माझ्या घरी घेऊन आले. बसवलं, चहा केला. ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "हय काय? खेळ खंय?" मग मी पत्ते काढले. दोघींत बदाम सात खेळण्यात काही अर्थ नसतो, सगळी पानं दोघींतच, माझ्याकडे नाही ते तिच्याकडे आहे हे उघडच. तरी आजीने इस्पिकची सत्ती दाबून ठेवली आणि माझ्या तोंडावर म्हणाली, "माझ्याकडे नाय." मी म्हटलं, "मग कोणाकडे असणार आजी?" ती म्हणाली, "कुंदाकडे असात."

मी पानं खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

ते दिवस संपेपर्यंत ती रोज माझ्याकडे आली. माझी झोप तीनच दिवसांची ठरली. खरं सांगते, त्याचंही वाईट वाटलं. एवढ्या म्हाताऱ्या बाईला जिने चढताना डोळ्यासमोर आणून मी रडले, आणि पाचव्या दिवशी तीच म्हातारी दारात उभी बघून मनात आलं, आली परत. माणूस असा असतो का गं सगळीकडे, की मीच?

चौदाव्या दिवशी मी खोली उघडली. बायका आल्या. खुर्च्या आणल्या, दुसऱ्यांच्या खुर्च्यांवर बसल्या. तुझा नियम कोणी मोडला नाही, पण कोणी मोठ्याने बोलतही नव्हतं. आणि रविवारी घाडग्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं. माणूस वाईट नाही. तुझ्या दहाव्याला उन्हात उभा होता. पण सेक्रेटरी आहे, त्याला कागदावर नाव लागतं. म्हणाला, "कुंदाताई होत्या तोवर मी काही विचारलं नाही. आता खोलीची जबाबदारी कोणाची ते एक नाव द्या. नाव नसेल तर कमिटी आपलं कुलूप लावेल, सामान ठेवेल. उद्या काही झालं तर मी कोणाला पकडू?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. वहिनी हसून म्हणाल्या, "नाव काय विचारायचं? सुमन आहे ना. कुंदाताईने जाताना हिलाच सांगितलं. हिने मान हलवली, ताईच्या मुलीने बघितलंय."

ती मान. सगळ्या बिल्डिंगीला ठाऊक झाली होती.

घाडग्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला माहीत होतं की आत्ता गप्प राहिले तर झालं. आयुष्यात माझ्या गप्प बसण्याला लोकांनी नेहमी हो धरलं. लग्न ठरलं तेव्हाही मी गप्प होते. पेन कागदाला टेकलं आणि मी म्हणाले, "नाही."

आवाज एवढा बारीक आला की घाडग्यांनी विचारलं, "काय?"

"माझं नाव नको. मी नाही करणार. रोज नाही करणार." मग मला थांबताच येईना. "मला दमायला होतं. सकाळी दोन घरं आहेत, गुडघे दुखतात. कुंदाला मी हो म्हटलं नव्हतं. मी तिला हेच सांगायला गेले होते."

शेवटचं बोलायला नको होतं. वहिनींनी पदर डोळ्याला लावला. कोणीतरी च् च् केलं. मला वाटलं, आता म्हणतील, मेलेल्या बाईचा शब्द मोडला.

रेश्मा उभी राहिली. तुझी लाडकी, तोंडाने फटकळ. "मावशी, मग आधी का नाही बोललीस गं? इतके महिने?"

"कोणाला बोलणार?"

"आम्हाला! आम्ही काय मेलेलो? मी एकदा झाडू घ्यायला आले तर तू माझ्या हातातून काढून घेतलास. म्हणालीस, राहू दे, तू बस खेळायला. मला वाटलं, मावशीला आवडतं. कोणी हात लावलेला चालत नाही तिला."

मला ते आठवलं. खरंच काढून घेतला होता झाडू. आणि तेव्हा मनात म्हटलं होतं, कोणी मदत करत नाही.

कुंदा, मी तुझ्याशी इतकी वर्षं मनातल्या मनात भांडत होते आणि तू तिथे नव्हतीसच. मी तुला बोलावलंच नव्हतं भांडायला. तू म्हणाली असतीस का, बरं बाई, लाव पाळ्या? की उठून बसून मला परत नळावरचं ऐकवलं असतंस? मी एकदा तरी मोठ्याने म्हटलं असतं, मन कोणाचं, म्हणून, तर कळलं असतं. तुला उत्तर द्यायची संधी मी दिली नाही. याची माफी मागायची होती. माझ्या मान हलवण्याची नाही, ती तुला सुखाने जाऊ देण्यापुरती ठीक होती असं मी आता धरते. माफी आधीच्या सगळ्या 'बरं'ची.

पाळ्या लागल्या. सात मजले, सात नंबर. घाडग्यांच्या कागदावर सात नावं गेली, आमच्या मजल्यासाठी माझं आहे. सोमवारी पहिला मजला होता. खोली चार वाजता उघडली. कोण झाडणार यावरून दोघींचं वाजलं, एक रागावून खुर्ची घेऊन निघून गेली. तू म्हणाली होतीस तसंच, पहिल्याच दिवशी. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. मला वाटलं खाली जावं आणि तिच्या हातातून झाडू घ्यावा. कठडा धरून उभी राहिले. मंगळवारी आमचा मजला होता. आम्ही चौघी होतो, पंधरा मिनिटांत सगळं झालं, आणि मी पहिल्यांदा त्या खोलीत खेळायला बसले. हरले. काल तिसऱ्या मजल्यावाल्यांनी आजीला खाली आणलं, पण तिचा चष्मा वरच राहिला. तिला पानं दिसेनात, तरी ती म्हणत होती, माझ्याकडे नाय.

तुझ्या वेळेसारखं नाही. ते तसं होणारही नाही. तुझ्यासारखं बोलणारं कोणी नाही, आणि आलेल्या प्रत्येकीला दारातच टोमणा मारून आत ओढणारं कोणी नाही. कदाचित दिवाळीपर्यंत बायका कमी होतील. कदाचित खोली बंदही पडेल. पडली तर मला वाईट वाटेल, पण ती माझ्या एकटीमुळे पडली असं मी म्हणणार नाही. एवढं मी ठरवलंय.

आज चौथ्या मजल्याची पाळी आहे. तीन वाजून गेलेत. खोली उघडली का, आजीला आणायला कोणी वर गेलं का, मला माहीत नाही. दोनदा उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. लिफ्टचा आवाज आला मघाशी. ती वर गेली की खाली आली, ते कळलं नाही.

मी जरा पडते, कुंदा.